भिंती पाहणारा मास्तर

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात जेरोम नावाचे तांब्याच्या खाणींचे गाव आहे. डोंगराच्या उतारावर वसलेले, एकेकाळी गजबजलेले आणि खाणी मंदावत गेल्या तसतसे ओस पडत गेलेले. १९५३ साली तिथले खाणकाम बंद झाले. त्याच्या चार वर्षे आधी, १९४९ मध्ये, अ‍ॅरन सिस्किंड या छायाचित्रकाराने या गावात रंग उडालेल्या पृष्ठभागांची काही छायाचित्रे घेतली. त्यांतल्या एकात दिसते ते एवढेच : जुन्या रंगाचे सुटलेले पोपडे, त्यांच्या वळलेल्या कडा आणि प्रत्येक कडेखाली काळीभोर सावली. भिंत कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते दिसत नाही. वर आकाश नाही, खाली जमीन नाही. शेजारी माणूस नाही, की ज्याच्या उंचीवरून पोपड्याचा आकार ताडावा. शीर्षकात गावाचे नाव, एक क्रमांक आणि साल. बस्स.

या छायाचित्रापुढे उभा राहणारा बहुतेक माणूस पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो, "हा कशाचा फोटो आहे?" कलेची जाण असलेली मंडळी या प्रश्नाला हसतात. अमूर्त कलेला 'हे काय आहे' असे विचारायचे नसते, असे ते समजावतात. आम्हांला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटत नाही. चित्रकाराला तो विचारणे कदाचित गैर असेल. छायाचित्रकाराला विचारणे अजिबात गैर नाही. कॅमेऱ्यासमोर काहीतरी असल्याशिवाय छायाचित्र होत नाही. जेरोममध्ये त्या दिवशी ती भिंत होती, तिला कुणीतरी रंग लावला होता, आणि तो रंग उन्हापावसाने निघाला होता. तेव्हा प्रश्न रास्त आहे. मुद्दा इतकाच की उत्तर मिळाल्यावर पाहणारा पुढे निघून जातो की थांबतो.

सिस्किंड मूळचा शाळामास्तर. जन्म १९०३ चा, न्यूयॉर्कचा. आईबाप रशियातून आलेले ज्यू. १९२६ साली सिटी कॉलेजातून पदवी घेऊन तो न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवू लागला आणि वीसहून अधिक वर्षे शिकवीत राहिला. तरुणपणी कविता करण्याची हौस होती. कॅमेरा हातात आला तो लग्नानंतर, मधुचंद्राला मिळालेली भेट म्हणून. शाळा सुटल्यावर आणि उन्हाळी सुट्टीत फोटो काढायचे, असा क्रम. आम्हीही याच पेशातले असल्यामुळे हा तपशील आमच्या मनात राहिला. दिवसभर मुलांना वाचायला शिकवणारा माणूस सुट्टी लागली की जे वाचता येत नाही असे काहीतरी शोधत हिंडतो, हे आम्हांला मोठे बोलके वाटते.

पण तो एकदम भिंतींकडे वळला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती, बेकारी होती. न्यूयॉर्कमध्ये फोटो लीग नावाची डाव्या विचारांच्या छायाचित्रकारांची संस्था होती आणि सिस्किंड तिच्यातला एक जाणता कार्यकर्ता. तिथे त्याने एक गट चालवला, आणि या गटाने १९३६ ते १९४० या काळात 'हार्लेम डॉक्युमेंट' हे मोठे काम हाती घेतले. हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथली घरे, जिने, प्रार्थनास्थळे, नाचघरे, फुटपाथ, मुले. गरिबीचा पुरावा जगापुढे ठेवावा, म्हणजे काही बदलेल, हा हेतू. ही छायाचित्रे पुस्तकरूपाने आली ती बरीच उशिरा, १९८१ साली.

१९४१ मध्ये सिस्किंडने लीग सोडली. १९४४ च्या उन्हाळ्यात तो मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात होता. तिथे त्याने टाकून दिलेला हातमोजा, दोरखंड, माशाचे डोके, लाकडी फळ्या असल्या वस्तूंची छायाचित्रे घेतली, जवळून आणि सरळ समोरून. १९४५ साली त्याने या नव्या कामावर एक लेख लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ 'वस्तूंचे नाट्य' असा होतो. पुढे वस्तूही गेल्या. उरल्या त्या भिंती, पत्रे, फाटलेली पोस्टरे, डांबराचे ओघळ, गंज.

जुन्या सोबत्यांना हा दगा वाटला. जगात महायुद्ध चालू असताना, माणसे मरत असताना, कालपर्यंत कष्टकऱ्यांचे फोटो काढणारा मास्तर आज भिंतीचे पोपडे टिपतो, याला काय म्हणावे? हा आक्षेप सोपा नाही आणि तो आजही शिळा झालेला नाही. सिस्किंडचे चाहते तो 'राजकीय' म्हणून झटकून टाकतात. आम्हांला तसे करता येणार नाही. त्याकडे आम्ही पुढे वळू. आधी छायाचित्रे कशी घडली आहेत ते पाहू.

सिस्किंड भिंतीसमोर सरळ उभा राहतो. तिरप्या कोनातून घेतले की खोली दिसते आणि जागेचा अंदाज येतो. तो अंदाज त्याला येऊ द्यायचा नसतो. चौकट काठोकाठ भरलेली असते. छायाचित्र कृष्णधवल, कमालीचे रेखीव. धूसरपणाची मदत तो घेत नाही. अनेक नवशिके अमूर्त म्हणजे अस्पष्ट असे समजतात आणि कॅमेरा हलवून मोकळे होतात. सिस्किंडकडे रंगाच्या प्रत्येक चिरेची धार स्पष्ट आहे. सगळे दिसते आहे आणि तरी ओळख पटत नाही, ही त्याची खरी करामत. ती साधते कारण तो तीनच गोष्टी काढून घेतो : आकाराचे माप, वस्तूचे नाव आणि रंग. एरवी भिंत जशी असते तशीच आहे. त्याने तिला हात लावलेला नाही.

मग पाहणारा काय करतो? तो वाचू लागतो. ही खोड फार जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना सल्ला दिला होता की डाग पडलेल्या भिंतींकडे पाहत जा, त्यांत डोंगर, नद्या, लढाया दिसतील. १९२१ साली रोर्शाक नावाच्या स्विस डॉक्टरने शाईच्या डागांचे दहा पत्ते छापून मनाच्या तपासणीची एक पद्धतच उभी केली. माणसाच्या मेंदूला अर्थहीन डाग सहन होत नाही. तो त्यात चेहरा घालतो, नाही तर जनावर.

आपल्या समाजात ही खोड आणखी एका वाटेने जाते. कुणी वांगे कापतो आणि बियांच्या रेषांत अल्लाहचे नाव दिसते. कधी टोमॅटोत, कधी माशाच्या अंगावर, कधी ढगात. पूर्वी याच्या बातम्या उर्दू वर्तमानपत्रांत येत, आता मोबाइलवर फिरतात. श्रद्धेचा प्रश्न इथे बाजूला ठेवू. आम्हांला फक्त पाहण्याच्या क्रियेविषयी बोलायचे आहे. नाव वाचून झाले की त्या वांग्याकडे पुन्हा कुणी पाहत नाही. त्याचा जांभळा रंग, बियांची रांग, कापलेल्या गराला हवेत चढणारा तपकिरी रंग, या साऱ्याकडे पाठ फिरते. वाचणे संपले की पाहणे संपते. सिस्किंडची छायाचित्रेही अनेक जण अशीच पाहतात. यात घोडा आहे, त्यात बाई आहे, असे बोट दाखवून ते पुढच्या चौकटीकडे सरकतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही सिस्किंडची सात-आठ छायाचित्रे संगणकावरून छापून घेतली आणि नववीच्या वर्गात फिरवली. परीक्षेचा किंवा अभ्यासक्रमाचा त्याच्याशी संबंध नव्हता. एक ऑफ तास मिळाला होता. शाळा भिवंडीतली, उर्दू माध्यमाची, बहुतेक मुलांच्या घरी यंत्रमागाशी काही ना काही नाते. काळ्या फराट्यांचे एक छायाचित्र पाहून एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, ये तो लाम-अलिफ है." शेजारचा म्हणाला, "कैंची है, कैंची." दोघांचे बराच वेळ चालले. इथपर्यंत आमच्या अपेक्षेप्रमाणेच झाले.

अपेक्षेबाहेर दोन गोष्टी झाल्या. रंगारीकाम करणाऱ्या बापाचा एक मुलगा जेरोमच्या पोपड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "इसके नीचे प्राइमर नहीं मारा था, सर. इसलिए पूरा पापड़ बन के निकला." त्याला घोडा दिसला नाही, कात्री दिसली नाही. त्याला रंगाचा थर दिसला, थराखालचा थर दिसला, आणि काम करणाऱ्याने कुठे हात आखडता घेतला तेही दिसले. दुसरी एक मुलगी काहीच बोलेना. खोदून विचारल्यावर म्हणाली, "बारिश में हमारे घर की दीवार ऐसी ही होती है. इसका फोटो क्यों निकाला?"

आम्हांला विचाराल तर या विषयावर आम्ही जी काही टीका वाचली आहे, तीत या दोन प्रतिक्रियांना उत्तर सापडत नाही. छायाचित्रणाचे समीक्षक पोत, लय, अवकाश असे शब्द वापरतात. ते शब्द खोटे नाहीत. पण पोत हा शब्द त्यालाच सुचतो ज्याला त्या पृष्ठभागाशी काही घेणेदेणे नसते. रंगाऱ्याच्या मुलाने केले ते अज्ञानी माणसाचे पाहणे नव्हे. ते दोन पावले पुढचे पाहणे आहे. तो छायाचित्रापुढे थांबला. समीक्षकाने आणखी काय मागावे?

'लाम-अलिफ' म्हणणाऱ्या मुलाचेही आम्ही हसण्यावारी नेणार नाही. खुशनविसीच्या परंपरेत 'सियाह मश्क' नावाचा एक प्रकार आहे. उस्तादाकडे शिकणारा एकाच कागदावर तीच अक्षरे पुन्हा पुन्हा गिरवतो, आडवी, उभी, उलटी, एकमेकांवर, इतकी की कागद काळा होऊन जातो. मुळात हा निव्वळ सराव, फेकून द्यायचा कागद. पण इराणात कालांतराने या कागदांनाच कलाकृतीचा मान मिळाला, आणि एकोणिसाव्या शतकात मिर्झा गुलाम रझा इस्फहानीसारख्या खत्तातांनी तो प्रकार मुद्दाम हाताळला. त्यातली अक्षरे खरी आहेत, पण मजकूर नाही. ज्याला वाचता येते त्याच्याचसाठी ते आहे, आणि त्याला ते वाचायचे नाही. आमच्या लहानपणी शाळेत तख्ती होती. मुलतानी माती लावून ती पुसायची, वाळवायची, पुन्हा लिहायचे. नीट पुसली गेली नाही तर कालच्या धड्याची अक्षरे आजच्या धड्याखाली राखाडी होऊन डोकावत. तेव्हा न वाचता अक्षराकडे पाहणे ही पश्चिमेकडून आलेली चैन आहे असे कुणी म्हणू नये. आपल्याकडे ती होती. आपण ती शोभेच्या तुघऱ्यांपुरती ठेवली.

सिस्किंडची सर्वांत चांगली छायाचित्रे आम्हांला याच जातीची वाटतात. चित्रकार फ्रान्झ क्लाइन हा त्याचा स्नेही. १९६२ साली क्लाइन वारला. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी सिस्किंडने 'क्लाइनला अभिवादन' अशा नावाची एक मालिका केली. ती कुठे केली? पेरूतील लिमा, मेक्सिकोतील हलापा, इटलीतील रोम अशा शहरांच्या रस्त्यांवर. भिंतीवर कुणीतरी ओढलेले काळे, जाड फराटे. त्यांच्याखाली अर्धवट झाकलेले काहीतरी. क्लाइनच्या चित्रांतले काळे पट्टे जसे दिसत तसेच. पण क्लाइनचा पट्टा चित्रकाराने चित्र म्हणून ओढला होता. भिंतीवरचा पट्टा ओढणाऱ्याला आपण चित्र काढतो आहोत याची वार्ताही नव्हती. त्याच्या हाताचा जोर, मध्येच संपलेला रंग, पुन्हा बुडवलेला कुंचला, सगळे तिथे आहे. ही छायाचित्रे पाहताना आम्हांला एक अनामिक हात दिसतो. माणूस चौकटीत नाही, पण तो नुकताच तिथून गेला आहे.

इथेच एक जुना आरोप निकालात काढू. सिस्किंड चित्रकारांची नक्कल करतो, असे पुष्कळांनी म्हटले. तारखा पाहिल्या की हा आरोप टिकत नाही. सिस्किंड ग्लॉस्टरला होता १९४४ मध्ये. न्यूयॉर्कच्या ईगन गॅलरीत त्याचे प्रदर्शन झाले १९४७ मध्ये. क्लाइनची गाजलेली काळी-पांढरी चित्रे त्याच गॅलरीत पहिल्यांदा लागली ती १९५० साली. कुणी कुणाचे उचलले असे म्हणण्यापेक्षा एकाच शहरातली, एकाच अड्ड्यावर बसणारी ही मंडळी एकाच गोष्टीमागे होती, हे म्हणणे जास्त खरे. त्याला पहिली दाद चित्रकारांनी दिली. छायाचित्रकार बरीच वर्षे बिचकून होते. १९५९ मध्ये त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले तेव्हा प्रस्तावना लिहिली ती चित्रकलेचा समीक्षक हॅरॉल्ड रोझेनबर्ग याने. पुढे शिकागो आणि मग ऱ्होड आयलंड इथे त्याने छायाचित्रणच शिकवले. मास्तरकी सुटली नाही.

त्याची सगळीच छायाचित्रे या उंचीची नाहीत. जिथे मानवी हाताची खूण आहे, रंग, डांबर, अक्षर, ओरखडा, तिथे तो श्रेष्ठ आहे. जिथे नुसता दगडाचा किंवा लाकडाचा पोत आहे तिथे तो आम्हांला कोरडा वाटतो. अशी छायाचित्रे सुंदर असतात आणि पाच मिनिटांत विसरली जातात.

आता तो मोठा आक्षेप. सिस्किंडने माणूस सोडला. आपल्यातले काही वाचक कदाचित म्हणतील, बरे झाले. सजीवाची तसवीर नको, मग वादच नको, असला फोटो बैठकीत लावता तरी येईल. असे म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण नाही, पण सिस्किंडने माणूस सोडला तो कुठल्याही मनाईमुळे नव्हे. त्याने आधी माणसांचे फोटो काढून पाहिले होते. आणि त्या कामाचे काय झाले? हार्लेमची ती छायाचित्रे हळुवार आहेत, काही तर अप्रतिम आहेत. तरीही नंतरच्या अभ्यासकांनी एक प्रश्न विचारला : बाहेरून आलेल्या, बहुतेक गोऱ्या छायाचित्रकारांनी हार्लेम दाखवले ते प्रामुख्याने दैन्य म्हणूनच ना? माणूस चौकटीत आला, पण 'परिस्थितीचा पुरावा' म्हणून आला.

हा प्रश्न आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव यांवर वर्तमानपत्रात काहीही छापून येवो, पाणीटंचाईवर, निवडणुकीवर, दहावीच्या निकालावर, सोबतचा फोटो ठरलेला असतो. पाठमोऱ्या टोप्यांची रांग, नाही तर बुरख्यातल्या तीन बायका, मागे अरुंद गल्ली आणि लोंबणाऱ्या वायरी. त्या बायकांना कुणी नाव विचारलेले नसते. त्यांचा चेहरा दिसत नाही हे कारण नाही. चेहरा दिसला असता तरी नाव विचारले गेले नसते. माणूस दाखवला म्हणजे माणुसकी झाली, हे समीकरण आमच्या अनुभवाला पटत नाही. या दृष्टीने पाहता सिस्किंडचे भिंतीकडे वळणे आम्हांला पळ काढण्यासारखे वाटत नाही. भिंतीवर लेबल चिकटवता येत नाही. तिला जात, धर्म, मोहल्ला चिकटवायचा तर खाली तसे लिहावे लागते, आणि सिस्किंड खाली फक्त गाव, क्रमांक आणि साल लिहितो. आमच्या वस्तीतल्या एखाद्या भिंतीचे असे छायाचित्र कुणी घेतले आणि त्याखाली केवळ 'भिवंडी' लिहिले, तर पाहणाऱ्याला निदान एकदा तरी टोपीशिवाय भिवंडीकडे पाहावे लागेल.

हे आमचे मत आहे आणि त्यावर आम्ही ठाम आहोत. पण 'फोटो क्यों निकाला' म्हणणाऱ्या मुलीचा प्रश्न त्याने मिटत नाही.

लोखंडाला हवा आणि पाणी लागले की गंज धरतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंगाखाली गंज धरला की तो रंगाला उचलतो, फुगवतो आणि फोडतो. त्यातून ते देखणे पोपडे तयार होतात. तीच गोष्ट स्लॅबमधल्या सळईची. आत ओल जाते, सळई गंजून फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. बाहेर आधी एक बारीक रेघ दिसते, मग भुरी तपकिरी ओल, मग गिलाव्याचा तुकडा पडतो. एकच रसायन, छायाचित्रात सौंदर्य आणि छतात मरण. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि झोपेतली तीसहून अधिक माणसे गेली. अशा शहरात राहणाऱ्या मुलीला भिंतीची चीर ही रेषा म्हणून दिसत नाही. तिला ती सूचना म्हणून दिसते. तिचे पाहणे कुठल्याही कलारसिकाच्या पाहण्यापेक्षा कमी बारकाईचे नाही. तिला फक्त त्या भिंतीपासून मागे सरकायला जागा नाही. अमूर्ताचा आस्वाद घ्यायला थोडे अंतर लागते, आणि ते अंतर सगळ्यांकडे सारखे नसते. सिस्किंडच्या कलेची ही मर्यादा आम्हांला मान्य करावी लागते. त्याचा हा दोष नाही, पण मर्यादा आहे.

दुसऱ्या बाजूने पाहणारेही आहेत. चितगावच्या किनाऱ्यावर जुनी जहाजे तोडली जातात. ब्राझीलच्या सेबास्तियाँव साल्गादोने १९८९ मध्ये तिथे फोटो काढले. १९९३ च्या त्याच्या 'वर्कर्स' या ग्रंथात ते आहेत. त्यात माणसे आहेत, अनवाणी, खांद्यावर लोखंड घेतलेली. कॅनडाचा एडवर्ड बर्टिन्स्की २००० मध्ये त्याच किनाऱ्यावर गेला. त्याच्या रंगीत, भल्यामोठ्या छायाचित्रांत जहाजाचा कापलेला, गंजलेला देह चौकट भरून टाकतो आणि खाली कुठेतरी माणूस मुंगीएवढा दिसतो. तो मुंगीएवढा माणूस दिसला की आधी आवडलेला गंजाचा तांबूस रंग जरा बोचू लागतो. बर्टिन्स्की माप देतो. सिस्किंड माप काढून घेतो. मुंबईच्या दारूखान्यात वर्षानुवर्षे जहाजे तुटली. तिथे गॅस-कटर चालवलेल्याला या तिघांपैकी कुणाचा फोटो जवळचा वाटेल, याची आम्हांला उत्सुकता आहे. आमचा अंदाज असा की तो साल्गादोकडे पाहून माणसे मोजेल आणि सिस्किंडकडे पाहून पत्र्याची जाडी सांगेल.

गंजाकडे पाहण्याचे आपले स्वतःचेही एक वळण आहे आणि ते थोडे आड येते. उर्दू शायरीत ज़ंग आणि आईना यांची जोडी शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. जुना आईना काचेचा नव्हे, फौलादाचा असे. दमट हवेत त्यावर ज़ंग चढे आणि सैकल करून, म्हणजे घासूनपुसून, तो पुन्हा लख्ख करावा लागे. मग दिल हाच आईना झाला, पाप किंवा गफलत हा ज़ंग झाला, आणि पीर-मुर्शिद सैकल करणारा झाला. अतिशय सुंदर रूपक आहे. पण त्यामुळे गंज ही आपल्या मनात कायमची काढून टाकण्याची वस्तू ठरली. तांब्यावरचा हिरवा थर, ज्याला फारसीत ज़ंगार आणि मराठीत जंगाल म्हणतात, तो मात्र आपल्याच नक्काशांनी रंग म्हणून वापरला. हे आपण विसरतो.

शेवटी अनुकरण करणाऱ्यांविषयी दोन शब्द, कारण त्यांचे पीक उदंड आहे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. छायाचित्र-स्पर्धांत गंजलेला पत्रा हमखास असतो, तोही रंग भडक करून. त्याखाली नाव असते 'रंगोत्सव', 'वेदना', 'काळाचे घाव'. हे नाव पाहणाऱ्याचे सगळे काम आधीच करून टाकते. वेदना असे लिहिले की ती शोधायची गरज उरत नाही. हॉटेलांच्या लॉबीत, बँकांच्या कचेऱ्यांत सोफ्यामागे अशी चित्रे टांगलेली दिसतात. भिंतीवर भिंतीचा फोटो. तिथे गंज कुणालाच काही विचारत नाही. सिस्किंडच्या कोरड्या शीर्षकांचे मोल अशा वेळी कळते.

त्या नववीच्या वर्गाने पुढच्या आठवड्यात स्वतः फोटो काढून आणले, मोबाइलवर. अट एकच होती : गाव, क्रमांक, साल, बाकी काही लिहायचे नाही. बरेचसे टाकाऊ होते. एका मुलाने लूमच्या कारखान्याच्या लोखंडी दाराचा फोटो आणला होता. तेलाचे थर, त्यावर चिकटलेली रुई, खडूने केलेला कसलासा हिशेब आणि त्यावरून फिरलेला हात. मागच्या बाकावरच्या एकाने तो पाहताच सांगितले की हे आपल्या अब्बांच्या कारखान्याचे दार आहे आणि हा हिशेब अब्बांच्याच हातचा आहे. त्याला खाली कारखान्याचे नाव घालायचे होते. फोटो काढणाऱ्याचे म्हणणे, सरांनी नाव घालायचे नाही असे सांगितले आहे. दोघांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्यांना दोन प्रती काढायला सांगितल्या, एक नावासकट आणि एक नावाशिवाय, आणि दोन्ही फलकावर शेजारी शेजारी लावल्या. मधल्या सुट्टीत मुले नावाच्या प्रतीपुढे जास्त जमली. नावाशिवायच्या प्रतीपुढे कमी, पण जी होती ती तिथल्या हिशेबाचे आकडे लावत बसली होती.